पडद्यामागचा फासा

टेबलाभोवती बसून खेळायच्या भूमिका-खेळांविषयी या सदराकडे आलेली बहुतेक पत्रे एकाच प्रश्नाभोवती फिरत असल्याने या अंकातील सगळी जागा त्या प्रश्नाला दिली आहे. पडद्यामागे पडलेला फासा गेम मास्टरने बदलून सांगावा का, असा तो प्रश्न आहे. ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडी माहिती देणे आवश्यक आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली अमेरिकेत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ प्रसिद्ध केला आणि तेथून हा प्रकार जगभर पसरला. प्रत्येक खेळाडू एकेक पात्र सांभाळतो. उरलेले जग, त्यातली माणसे, भुतेखेते आणि शत्रू गेम मास्टर सांभाळतो, आणि ज्या कृतीचा शेवट अनिश्चित असेल तिचा निकाल बहुधा वीस बाजूंचा फासा टाकून लावतात. गेम मास्टरसमोर पुष्कळदा पुठ्ठ्याचा एक पडदा उभा असतो. त्याच्या टिपणांप्रमाणे त्याचे फासेही त्या पडद्याआड राहतात, आणि पत्रांतले सारे वाद तेथूनच सुरू झाले आहेत.

प्रश्न : आम्ही पाच मित्र मालवणात खेळतो. दोघांच्या घरच्या होड्या आहेत, त्यामुळे १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते त्या दिवसांत आमची मोहीम, म्हणजे अनेक बैठकांत पुढे सरकणारी कथा, जोरात चालते. गेम मास्टर मी आहे. आमची कथा कोकणासारख्याच किनाऱ्यावर घडते आणि तिच्यातल्या खविसासाठी मी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या २०१४ च्या नियमांतल्या ओगर या धिप्पाड राक्षसाचे आकडे घेतले होते. देवराईतल्या झुंजीत खविसाने आमच्या वैदूवर सोटा उगारला. वैदूचे एकूण हिट पॉइंट, म्हणजे मार सोसण्याची ताकद, २१ आणि त्यातले ९ शिल्लक होते. पडद्यामागे माझा फासा २० वर थांबला आणि डॅमेज, म्हणजे वाराने होणारी हानी, ३१ भरले. मी ‘वार हुकला’ असे सांगून टाकले. त्याच वेळी वीज गेली आणि बॅटरी घेऊन माझ्या मागून येणाऱ्या मित्राला फासा दिसला. तेव्हा तो काही बोलला नाही, पण खवीस पडून सगळे आनंदात असताना म्हणाला, “फासो खोटो असात तर खेळूक कित्याक बसाचा?” त्यानंतर तो आलेला नाही. वैदूचा खेळाडू म्हणतो की मी केले तेच योग्य, आणि पुस्तकातही तशी मुभा आहे. आपले मत काय?
— एक वाचक, मालवण

उत्तर : आधी आकडे पाहू, कारण आपला हात का अडखळला हे त्यांवरून समजते. ओगरच्या सोट्याचे डॅमेज म्हणजे आठ बाजूंचे दोन फासे अधिक ४. हल्ल्याच्या फाशावर २० आले की त्याला क्रिटिकल हिट म्हणतात आणि डॅमेजचे फासे दुप्पट होतात, म्हणजे ते ८ पासून ३६ पर्यंत कोठेही पडू शकते आणि त्याची सरासरी २२ येते. वैदूचे उरलेले ९ हिट पॉइंट संपल्यावर ३१ पैकी २२ शिल्लक राहतात. ही शिल्लक त्याच्या एकूण २१ पेक्षा कमी नसल्यामुळे त्या नियमांनुसार पात्र जागीच मरते. एरवी शून्यावर आलेल्या पात्राला आपल्या प्रत्येक पाळीला फासा टाकून, १० किंवा अधिक आले तर यश धरून, तीन अपयशांच्या आधी तीन यशे मिळवण्याची जी संधी असते, तीही येथे उरली नव्हती. मित्राने कित्येक महिने जपलेले पात्र एका फेकीत नाहीसे होताना पाहणे कोणालाही जड जाते, आणि आपल्या मनात आलेली दया खरीच होती. तरीही माझे मत असे आहे की तो फासा बदलायला नको होता.

पुस्तकात मुभा आहे, हे खरे आहे. १९७९ साली निघालेल्या गेम मास्टरसाठीच्या मार्गदर्शक पुस्तकात गायगॅक्स यांनी फाशाला डावलण्याचा अधिकार गेम मास्टरला स्पष्ट शब्दांत दिला आहे. मात्र त्यांनी त्या अधिकाराचा विचार कसा केला होता, हे पुरते वाचायला हवे. खेळाडूने सारी काळजी घेऊनही एखाद्या विचित्र फाशामुळे त्याचे पात्र मरत असेल तर एकंदरीत ते घडू द्यावे, कारण पुढे कधीतरी तशाच विचित्र फाशांनी खेळाडूही शत्रूंना मारणार असतात, असे त्यांचे म्हणणे आहे. त्यातूनही हस्तक्षेप करायचाच असेल तर मरणाऐवजी बेशुद्धी, एखादा अवयव किंवा एक डोळा गमावणे असा पर्याय त्यांनी सुचवला आहे. हे सारे सर्वांसमोर, फासा उघडा ठेवून करता येते. खविसाचा सोटा लागला, वैदूचा हात कायमचा गेला, पण जीव राहिला, असे आपण म्हणाला असता तर आपला मित्र उठून गेला असता असे मला वाटत नाही.

२०१४ च्या मार्गदर्शकाची भूमिका वेगळी आहे. पडद्यामागे फासे टाकण्याचा एक लाभ म्हणून तेथे निकाल बदलण्याची सोय सांगितली आहे. सलग दोन क्रिटिकल हिट बसून पात्र मरत असेल तर दुसरा साधा वार धरावा किंवा हुकला म्हणावे, असे उदाहरणही दिले आहे, आणि हे वारंवार करू नये व खेळाडूंना कळू देऊ नये, असे पुढे बजावले आहे. माझा विरोध या शेवटच्या अटीला आहे. जिथे तीच चार-पाच माणसे वर्षानुवर्षे एका पडवीत बसतात, एकमेकांचा चेहरा आणि आवाज ओळखतात, तिथे ही गोष्ट फार काळ लपत नाही. बॅटरीचा उजेड पडला नसता तरी महत्त्वाच्या क्षणी आपले फासे नेहमी सौम्य पडतात, हे एखाद्या चाणाक्ष खेळाडूने पुढच्या पावसाळ्यापर्यंत ताडले असते. मग त्याने जखमी पात्राला मागे खेचणे, औषध राखून ठेवणे, पळून जाण्याची वाट शोधणे हे सारे सोडून दिले असते, कारण त्यांची गरज उरली नसती.

फासा की पंचाचा निर्णय, हा वाद भूमिका-खेळांहून बराच जुना आहे. प्रशियाच्या सैन्यात अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी खेळला जाणारा क्रीगश्पील हा युद्धखेळ राइसविट्झ नावाच्या तरुण अधिकाऱ्याने १८२४ साली नियमबद्ध करून प्रसिद्ध केला, तेव्हा चकमकीतील हानी फासे आणि कोष्टके यांवरून ठरत असे. पुढे या नियमांचे ओझे अनेकांना जाचू लागले, आणि १८७६ साली व्हेर्दी द्यु व्हेर्नुआ या सेनाधिकाऱ्याने फासे व कोष्टके बाजूला ठेवून अनुभवी पंचाच्या निर्णयावरच खेळ चालवण्याची पद्धत मांडली. माझ्या दृष्टीने या दोन्ही पद्धती सारख्याच प्रामाणिक आहेत, कारण निकाल कोठून येतो हे खेळणाऱ्याला दोन्हींत ठाऊक असते. पडद्यामागे फासा खुळखुळवायचा, सर्वांनी श्वास रोखून धरायचा आणि निकाल मात्र आपण स्वतः ठरवायचा, ही तिसरी पद्धत झाली. तिच्यात पंच आपला निर्णय फाशाच्या नावावर सांगतो, त्यामुळे त्या निर्णयाबद्दल त्याला कोणी काही विचारूही शकत नाही.

आपण सिंधुदुर्गातले आहात, म्हणून दशावताराचे उदाहरण देतो. गावच्या जत्रेत दहिकाल्याच्या रात्री कलाकार रंगमंचावर उभे राहून संवाद आयत्या वेळी रचतात, लिखित संहिता नसते, आणि तरीही राक्षसाचा शेवट काय होणार हे पहिल्या रांगेत बसलेल्या लहान मुलालाही माहीत असते. कोणाला फसल्यासारखे वाटत नाही, कारण शेवट अनिश्चित आहे असे कोणी सांगितलेलेच नसते. आपल्या टेबलावर तशी मोहीम चालवायची असेल तर अवश्य चालवा. पात्रे मरणार नाहीत हे सर्वांना आधी सांगा आणि झुंजीची रंगत कोण मरणार यात न ठेवता काय गमवायचे यात ठेवा. पण ज्या टेबलावर फासा टाकला जातो, तिथे शेवट अजून ठरलेला नाही असे वचन त्या टाकण्यातच दिलेले असते.

या वचनावर इतर खेळाडूंचे निर्णयही उभे असतात, आणि गेम मास्टरच्या लक्षात ही बाजू सहसा येत नाही. २०१४ च्या नियमांत ‘लकी’ नावाचे एक वैशिष्ट्य आहे. ते घेणाऱ्याला दिवसाला तीन लक पॉइंट मिळतात, आणि त्यातला एक खर्च करून स्वतःवर होणाऱ्या हल्ल्यासाठी आणखी एक फासा टाकता येतो व दोहोंतला कोणता धरायचा हे ठरवता येते. समजा वैदूने हे वैशिष्ट्य घेतले असते आणि शेवटचा पॉइंट अशाच प्रसंगासाठी राखला असता. आपण ‘हुकला’ म्हटल्याबरोबर त्याची ती दूरदृष्टी वाया गेली असती आणि त्याला ते कळलेही नसते. ॲडमंटाइन या काल्पनिक धातूचे चिलखत क्रिटिकल हिटला साधा वार बनवते. ते मिळवण्यासाठी एखाद्याने मोहिमेतला बराच खजिना खर्च केला असेल आणि शेजारच्याला तेच संरक्षण गेम मास्टरच्या दयेने फुकट मिळत असेल, तर तो अन्याय आहे. खवीस पाडल्याचा जो आनंद सर्वांनी साजरा केला त्यातही आता शंका शिरली आहे, कारण एक वार खोटा होता हे कळल्यावर बाकीचे खरे होते हे कशावरून मानायचे?

गेम मास्टरचा अधिकार मोठा असतो आणि तो असावाच. मात्र तो वापरण्याची वेळ फासा हातातून सुटण्यापूर्वीची आहे. खविसाने कोणावर तुटून पडायचे हे आपणच ठरवत होता. वैदूचे ९ हिट पॉइंट उरले आहेत आणि ओगरच्या साध्या वाराची सरासरीही १३ आहे, हे आपल्याला ठाऊक होते. त्या क्षणी खविसाने समोर तलवार घेऊन उभ्या असलेल्या गड्याकडे वळणे, वैदूला उचलून राईबाहेर फेकणे, किंवा त्याला धरून ठेवून इतरांशी सौदा मागणे, यांपैकी काहीही कथेत शोभले असते आणि त्यात कोणालाही फसवावे लागले नसते. सोटा वैदूवरच पडायचा असे ठरवले असेल तर मात्र २० हाही त्या फाशाचा एक चेहरा आहे आणि तो वीसातून एकदा येणार, हे ठरवतानाच पत्करावे लागते.

कधी कधी फासा पडल्यावरच आपल्याला उमगते की आपण हे पत्करायला तयार नव्हतो. तेव्हा फासा न लपवता पडदा बाजूला करावा आणि म्हणावे, “हे २० आहे, वैदू मरतो आहे, हे आपण असेच घ्यायचे का?” वैदूच्या खेळाडूला पहिला शब्द द्यावा. कदाचित तो मरण स्वीकारेल आणि ती झुंज तुमच्या टेबलावर पुढची अनेक वर्षे आठवली जाईल. कदाचित राईच्या राखणदाराने काही मोबदला मागून त्याला परत द्यावे, असे सर्व मिळून ठरवतील. दोन्ही निकाल टेबलाचे असतील.

आता आपल्या मित्राविषयी. त्याच्याशी नियमांवर वाद घालू नका आणि पुस्तकातला उतारा तर मुळीच दाखवू नका. पाचही जणांना एकत्र बोलवा, काय घडले ते सर्वांसमोर सांगा आणि येथून पुढे झुंजीतले फासे पडद्याबाहेर पडतील असे ठरवा. झालेल्या झुंजीचा निकाल उलटवून वैदूला आता मारण्यात अर्थ नाही, कारण त्यानंतर इतरांनी घेतलेले निर्णय तो जिवंत आहे असे धरून घेतलेले आहेत.

प्रश्न : मी रत्नागिरीत माझ्या भावंडांसाठी आणि गणपतीला मुंबईहून येणाऱ्या चुलत भावंडांसाठी गेम मास्टर होते. माझा मुख्य खलनायक, बंडखोर आरमारी सरदार, दुसऱ्याच फेरीत मरायला आला. मी मनातल्या मनात त्याचे हिट पॉइंट वाढवत गेले आणि तो पाचव्या फेरीपर्यंत टिकला. फासा तर मी एकही बदलला नाही. हे चालते ना?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : फासा बदलला नाही हे खरे, पण भावंडांनी टाकलेल्या फाशांचे मोल बदलले. ज्याने दुसऱ्या फेरीत जबरदस्त वार केला त्याचा तो वार आणि शेजारच्याचा साधा वार यांत फरकच उरला नाही, कारण सरदार कधी पडायचा हे आपण ठरवणार होता. वैदूला वाचवणारी दया निदान खेळाडूच्या बाजूची तरी होती. येथे खेळाडूंनी कमावलेले काढून घेतले गेले आहे, म्हणून मला हा प्रकार अधिक खटकतो.

आपली अडचण मात्र खरी आहे आणि तिचे मूळ फाशात नाही. चार-पाच जणांविरुद्ध एकटा शत्रू उभा केला की एका फेरीत त्यांच्या चार-पाच कृती होतात आणि त्याची एकच, त्यामुळे तो कितीही बलवान असला तरी लवकर संपतो. यावर तयारीच्या वेळी करता येण्यासारखे बरेच आहे. सरदाराबरोबर खलाशी द्या, त्याला गलबताच्या डोलकाठीवर चढून बसू द्या, पराभव दिसताच पाण्यात उडी टाकण्याची वाट ठेवा आणि त्या उडीसाठी त्यालाही प्रामाणिकपणे फासा टाकायला लावा. नियमांत दिलेले हिट पॉइंटही अचल नसतात. २०१४ च्या ओगरचे ५९ हे सात दहा-बाजूंचे फासे अधिक २१ यांची सरासरी म्हणून लिहिलेले असतात, म्हणजे एखादा ओगर २८ चा आणि एखादा ९१ चाही असू शकतो. त्या मर्यादेत आपल्याला हवा तो आकडा निवडा, फक्त तो झुंज सुरू होण्यापूर्वी निवडा आणि कागदावर लिहून ठेवा. मोठ्या शत्रूंसाठी २०१४ च्या नियमांत ‘लेजेंडरी रेझिस्टन्स’ दिलेला आहे. सेव्हिंग थ्रो, म्हणजे जादू किंवा संकटातून बचावण्यासाठी टाकलेला फासा, फसला तरी तो यशस्वी झाला असे तो शत्रू ठरावीक वेळा, बहुधा दिवसातून तीनदा, ठरवू शकतो. परिणाम पाहता हे फासा बदलण्यासारखेच आहे, पण ते मोजून दिलेले आहे, ते वापरल्याचे सांगता येते आणि खेळाडू ते तीन संपवण्याचा डाव आखू शकतात.

आणि दुसऱ्या फेरीत सरदार मेलाच, तर मरू द्या. ज्या चुलत भावाने तो वार केला तो पुढच्या गणपतीत आल्या-आल्या त्याचीच गोष्ट काढेल.

प्रश्न : दापोलीत आमच्या वाचनालयात मी दहा ते बारा वर्षांच्या मुलांसाठी हा खेळ चालवतो. पहिल्याच दिवशी गॉब्लिन या बुटक्या राक्षसाच्या वाराने एका मुलीचे पात्र शून्यावर आले आणि ती रडू लागली. मुलांसाठी तरी फासे बदलावेत की नाही?
— एक वाचक, दापोली

उत्तर : आपल्या प्रश्नापुढे मी बराच थांबलो, कारण येथे दुसरी बाजू सर्वांत बळकट आहे. पहिल्या पायरीवरच्या पात्रांचे हिट पॉइंट फार थोडे असतात. जादूगाराचे तर ६ अधिक त्याच्या प्रकृतीचा एखाददुसरा गुण एवढेच, आणि गॉब्लिनचा साधा वारही सरासरी ५ चा असतो. नियम आधीच इतके कठोर आणि खेळणारे इतके कोवळे असताना, एखाद्या मुलाला खेळ कायमचा नकोसा होण्यापेक्षा एक वार हुकवलेला बरा, असे कोणी म्हणाले तर मी त्याला दोष देणार नाही.

तरीही मुलांसमोर मी नियम बदलीन आणि फासा तसाच ठेवीन. मुलांना खोटेपणाचा वास मोठ्यांपेक्षा लवकर लागतो. ‘काकांनी मुद्दाम सोडलं’ असे एकदा मनात आले की त्या मुलीला स्वतःच्या जिंकण्याचाही भरवसा राहणार नाही. आपण सुरुवातीलाच सांगू शकता की या मोहिमेत शून्यावर आलेले पात्र मरत नाही, बेशुद्ध होते आणि गॉब्लिन त्याला पकडून नेतात. जवळून वार करून शत्रूला शून्यावर आणणाऱ्याने त्याला ठार न करता बेशुद्ध पाडण्याची सोय २०१४ च्या नियमांतच आहे, त्यामुळे हे काही बाहेरून आणलेले ठरत नाही. मग बाकीच्यांसमोर मैत्रिणीला सोडवून आणण्याची कामगिरी उभी राहते, आणि पकडलेल्या मुलीलाही आतून कुलूप उघडण्याचे, पहारेकऱ्याला गोष्टीत गुंतवण्याचे काम देता येते. शून्यावर येण्याने तिचा खेळ संपत नाही, एवढे झाले की पुरे.

दुसरे असे, की दया मुलांच्याच हाती द्यावी. २०१४ च्या नियमांत ‘इन्स्पिरेशन’ नावाची सोय आहे. चांगला खेळ केल्याबद्दल गेम मास्टर ती देतो, आणि ती वापरणाऱ्याला ॲडव्हांटेज मिळतो, म्हणजे वीस बाजूंचे दोन फासे टाकून मोठा धरता येतो. ११ किंवा अधिक येण्याची शक्यता एरवी ५० टक्के असते, ती त्यामुळे ७५ टक्के होते. आपल्याकडे मुले काजूच्या बिया खेळतातच. तीच बी इन्स्पिरेशनची खूण म्हणून द्यावी. मूळ नियमानुसार एका वेळी एकच बाळगता येते आणि ती दुसऱ्या खेळाडूच्या पात्रालाही देता येते. मैत्रिणीचे पात्र पडणार म्हणून एखादा मुलगा आपली बी पुढे सरकवतो, तेव्हा तिला वाचवण्याचे काम गेम मास्टरकडून मित्राकडे जाते. मुलांच्या टेबलावर फासे थाळीत, सर्वांसमोर, मोठ्याने मोजून टाकावेत. बेरीज-वजाबाकीचा सराव होतो, हा आणखी एक लाभ.

प्रश्न : फासे उघडे टाकले तर रहस्यच संपते. आमच्या मोहिमेत रात्री वाट शोधताना फाशावर २ आलेले दिसले की खेळाडू लगेच म्हणतात, ‘चकवा लागला, इथूनच परत फिरू.’ मग पडदा हवाच ना?
— एक वाचक, वेंगुर्ला

उत्तर : पडदा हवा आणि तो खुशाल ठेवावा. निकाल लपवणे आणि निकाल बदलणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि माझा आक्षेप फक्त दुसऱ्या गोष्टीवर आहे. चकव्याचे तर सारे सामर्थ्य यात आहे की वाट चुकलेल्याला आपण चुकलो हे कळत नाही, त्यामुळे अशा तपासणीचा फासा गेम मास्टरने गुपचूप टाकणेच योग्य होय. ‘पाथफाइंडर’ या अशाच दुसऱ्या भूमिका-खेळाच्या २०१९ साली आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत अशा तपासण्यांना गुप्त म्हणून खूण करूनच ठेवली आहे. त्यांचा फासा खेळाडूच्या वतीने गेम मास्टर टाकतो आणि पात्राला जेवढे कळले असते तेवढेच सांगतो. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये निरीक्षणासाठी फासा न टाकता १० अधिक पात्राचे गुण असा स्थिर आकडा धरण्याचीही पद्धत आहे. झाडाआड लपलेला देवचार कोणाला जाणवतो, हे तिच्यावरून कोणालाही सुगावा न लागता ठरवता येते.

सोयीची वाटणी अशी होऊ शकते : झुंजीतले वार, डॅमेज आणि मरणाशी संबंधित सारे फासे उघडे, शोध, वाट, समोरचा खरे बोलतो की नाही यांसारख्या गोष्टींचे फासे झाकलेले. पण झाकलेल्या फाशावर २ आले तर ते २ च. ‘आज उशीर झाला आहे, वाट सापडू द्यावी’ असे वाटत असेल तर फासाच टाकू नका आणि वाट सापडली असे सांगा.

प्रश्न : अलिबागहून मी फोनवर व्हिडिओ लावून मोहीम चालवतो, तिघे खेळाडू मुंबईत आपापल्या घरी स्वतःचे फासे टाकतात. त्यातल्या एकाचे आकडे नेहमीच मोठे येतात, म्हणून मीही त्याच्या शत्रूंचे आकडे थोडे वाढवून सांगतो. हिशेब बरोबर होतो की नाही?
— एक वाचक, अलिबाग

उत्तर : होत नाही, कारण उरलेल्या दोघांचे खरे फासे त्या हिशेबात भरडले जातात. खेळाडूने आकडा वाढवला तर आपण त्याला फसवणूक म्हणतो. गेम मास्टरला वेगळे माप लावण्याचे कारण मला दिसत नाही. शिवाय आपला संशय खराच असेल असेही नाही, कारण वीस बाजूंच्या फाशावर एका रात्रीत चार-पाचदा मोठे आकडे येणे अगदी शक्य आहे. सर्वांना एकत्र सांगा की पुढच्या वेळेपासून सगळेच जण, आपल्यासह, एकाच सामायिक पटावर फासे टाकतील. ऑनलाइन पटांवर प्रत्येक फेक सर्वांना दिसते. कोणाचेही नाव घेऊ नका. नेटवर्क वारंवार तुटत असेल तर कॅमेरा फाशाच्या थाळीवर वळवून ठेवला तरी भागते.

प्रश्न : फासा बदलण्याचा मोह मला आवरत नाही, हे मला ठाऊक आहे. गेम मास्टरने फासा टाकायचाच नाही, असा एखादा खेळ आहे का? आम्ही गुहागरला चौघे आहोत आणि सारे अनुभवी आहोत.
— एक वाचक, गुहागर

उत्तर : आहे. व्हिन्सेंट बेकर यांचा २०१० साली आलेला ‘अपोकॅलिप्स वर्ल्ड’ आणि त्याच्या पद्धतीवर पुढे निघालेले अनेक खेळ असेच चालतात. सारे फासे खेळाडू टाकतात आणि तेही साधे सहा बाजूंचे दोन. पात्राचे गुण मिळवून बेरीज १० किंवा अधिक झाली तर काम पुरते साधते. ७ ते ९ आले तर साधते, पण काही किंमत मोजून किंवा अवघड निवड करून. ६ किंवा कमी आले तर पुढे काय घडते ते गेम मास्टर सांगतो. गुण न मिळवता पाहिले तर छत्तीस शक्यतांपैकी सहा पहिल्या गटात आणि पंधरा-पंधरा उरलेल्या दोन गटांत पडतात, त्यामुळे मधला ‘साधले, पण’ हा निकाल सारखा येत राहतो आणि कथा तेथेच वळणे घेते.

आपल्यासारख्यांसाठी त्यातली सर्वांत उपयोगी गोष्ट अशी, की ६ आल्यावर गेम मास्टरने पात्राला मारलेच पाहिजे असे बंधन नसते. होडी उलटवायची, भरती आणायची, सोबत्यांना एकमेकांपासून तोडायचे की बंदुकीची उरलेली दारू भिजवायची, हे तो उघडपणे निवडतो. दया दाखवायला त्याच्याजवळ पुरेशी जागा असते आणि तिच्यासाठी त्याला काही लपवावे लागत नाही. चौघांत हा खेळ चांगला बसतो, कारण फासे कमी पडतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला बोलणे भरपूर येते. आपण सारे झुंजीच्या खेळांतून येत असल्याने पहिल्या दिवशी पाळी-पाळीने वार करण्याची सवय सुटायला वेळ लागेल. त्यासाठी पहिला प्रसंग लढाईचा ठेवू नका. वादळात सापडलेले गलबत, फुटलेले सुकाणू आणि दिसेनासा झालेला किनारा एवढ्यावर सुरुवात करा, आणि फासे पहिल्यापासून खेळाडूंच्या हाती द्या.